हासळी, क्लॅविकल, लावित्सी : तिबिलिसीतले पहिले एकवीस दिवस

दिवस १, शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

डॉक्टरकी शिकायला जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला आले. कराडहून निघाल्यापासून इथल्या विमानतळाबाहेर पडेपर्यंत एकतीस तास झाले. त्यातले सात शारजात नुसते बसून गेले. तीस किलोच्या सामानातलं निम्मं आईनं भरलेलं: छोटा कुकर, येसर, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट. आजीनं फडक्यात बांधून दिलेली ओव्याची पुरचुंडी मी हातातल्या पर्समध्येच ठेवली होती.

बाहेर आल्यावर कळलं की वसतिगृहात जागाच शिल्लक नाही. एजंटनं पैसे मात्र गावीच घेतले होते. आम्हा सहा मुलींना एका फ्लॅटमध्ये गाद्या टाकून दिल्या. बाबांना फोनवर सांगितलं, "पोचले, सगळं ठीक आहे." हे वाचणाऱ्या आईवडिलांना मात्र कळकळीनं सांगते: वसतिगृहाचे पैसे भरताना पावती विद्यापीठाच्या नावाची मागा. नुसत्या तोंडी शब्दावर लेकरू परदेशी पाठवू नका.

गाडीतून येताना पाट्या बघत होते. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरं आहेत, त्यातलं एकही ओळखीचं नाही. औषधाच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस तेवढा कळला.

दिवस २, रविवार

दीड तासाचा फरक म्हणजे फार नाही, पण भुकेला तो कळत नाही. पहाटेच पोटात कावळे ओरडायला लागले. आम्हाला न्यायला लातूरची एक ताई आली होती, चौथ्या वर्षाची. तिनं आधी भाकरी दाखवली आणि मग शहर.

गल्लीच्या तोंडाशी तळघरासारखी खोली, आत विहिरीएवढ्या तोंडाची मातीची भट्टी. तिला 'तोने' म्हणतात. भट्टीवाला कमरेपर्यंत आत वाकून लांबट कणकेचा गोळा भिंतीला थापतो, चार-पाच मिनिटांनी आकड्यानं ओढून बाहेर काढतो. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फुगलेली, हाताला चटका बसेल अशी गरम. ताई म्हणाली, "ही शोतिस पुरी. पुरी म्हणजे पाव." मी दोनदा विचारून खात्री केली. पुरीच.

मग तिनं चालता चालता बाकीचे शब्द सांगितले. 'की' म्हणजे हो. 'आरा' म्हणजे नाही. 'देदा' म्हणजे आई. आणि 'मामा' म्हणजे बाप. आजोबांना 'बाबुआ' म्हणतात. नात्यांची सगळी घडी विस्कटल्यासारखी वाटली. पण 'देदा' पहिल्याच फटक्यात लक्षात राहिलं.

भट्टीवाल्याला पैसे देताना ताईनं आकडे शिकवले आणि तिथं मी थांबलेच. वीस म्हणजे 'ओत्सी'. चाळीस म्हणजे 'ओर्मोत्सी', दोन वीस. साठ 'सामोत्सी', तीन वीस. सत्तर 'सामोत्सदाआती', तीन वीस आणि दहा. ऐंशी 'ओत्ख्मोत्सी', चार वीस. माझी आजी शाळेत गेलेली नाही. ती शेणी मोजते, अंडी मोजते, बाजाराचे पैसे मोजते ते असंच: "तीन ईसा आन् धा." लहानपणी मला ते अडाणीपणाचं वाटायचं, मी तिला 'सत्तर' म्हणायला लावायचे. इथं बँकेतला कारकूनही आजीसारखाच मोजतो.

संध्याकाळी फोनवर तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मानसं बरी असतील."

दिवस ३, सोमवार

पहिला तास. बसचं आणि मेट्रोचं एकच कार्ड, प्रवासाला एक लारी, म्हणजे साधारण तीस रुपये. मेट्रोच्या एका स्टेशनाचं नावच 'सामेदित्सिनो उनिवेर्सितेती', म्हणजे वैद्यकीय विद्यापीठ. सरकता जिना एवढा लांब की उतरताना खालचं टोक दिसत नाही. रुस्तावेली स्टेशन तर साठ मीटर खोल आहे म्हणतात.

अभ्यासक्रम सहा वर्षांचा, शिकवणं इंग्रजीत. सगळ्यांनी मनात ठेवलेला हिशेब वर्गात कोणीतरी मोठ्यानं मांडला. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार परदेशात किमान ५४ महिने शिक्षण, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, परत आल्यावर पात्रता परीक्षा आणि पुन्हा १२ महिने भारतात इंटर्नशिप. त्या परीक्षेत ३०० प्रश्न असतात, १५० गुण लागतात, आणि त्यात नापास होणारे पास होणाऱ्यांपेक्षा जास्त असतात हे इथल्या प्रत्येक सीनियरला ठाऊक आहे. नीटला खाजगी कॉलेजपुरते गुण मला होते, तिथल्या फीपुरते पैसे घरात नव्हते. इथं वर्षाला साडेपाच हजार डॉलर. त्यासाठी सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला आहे. हे लिहिताना लाज वाटत नाही. ते रोज सकाळी आठवतं, एवढंच.

पहिल्या सत्रात जॉर्जियन भाषा हा विषय सक्तीचा आहे. वर्गात बरेच जण कुजबुजले, "हे कशाला? आपल्याला काय इथं राहायचंय?" मीही मान हलवली होती.

दिवस ५, बुधवार

फ्लॅटवरून हलले. लातूरच्या ताईनं देलिसी भागात एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली बघून दिली. नांदेडची एक मुलगी आणि मी, दोघींत एक खोली. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली 'बेबो' म्हणते. आपण 'आजे' म्हणू तसं. त्यांना जॉर्जियन आणि रशियन येतं, आम्हाला दोन्ही येत नाही. मधे मोबाईलचा अनुवादक. भिंतीवरच्या गॅस हीटरला इथं 'कर्मा' म्हणतात. तो कसा पेटवायचा हे बेबोंनी तीनदा करून दाखवलं, आणि खिडकीची एक फट कधीही बंद करायची नाही हे बोट नाचवून बजावलं.

दिवस ६, गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. आजीनं व्हिडिओवर घट दाखवला, परडीत काळी माती, पेरलेला गहू. आमच्या स्वयंपाकघरात त्याच वेळी बेबो लोबिओ शिजवत होत्या. लोबिओ म्हणजे राजम्याची घट्ट आमटी, मातीच्या भांड्यातली. वरून मूठभर कोथिंबीर. आणि अचानक मेथीचा वास आला. मी डब्याकडे बोट दाखवलं. 'उत्स्खो सुनेली', निळ्या फुलाच्या मेथीच्या दाण्यांची पूड. अनुवादकानं अर्थ सांगितला: परका मसाला. बेबोंच्या स्वयंपाकाला परका, आमच्या नाकाला घरचा. नांदेडची पोरगी तिथंच ओट्याला टेकून रडली. बेबोंनी काही विचारलं नाही. तिच्या ताटात आणखी एक पळी वाढली.

दिवस १०, सोमवार

शरीररचनाशास्त्राचं प्रात्यक्षिक. हाडांची पेटी समोर येते, बाई हात घालून एक हाड काढतात आणि एखाद्याच्या तळहातावर ठेवतात. डोळे मिटायचे, बोटांनी चाचपायचं आणि सांगायचं: कोणतं हाड, डाव्या बाजूचं की उजव्या. कागदावरची उत्तरं त्यांना चालत नाहीत.

माझ्या हातात क्लॅविकल आलं. हाताच्या पंजाएवढं, इंग्रजी एस अक्षरासारखं नागमोडी वळलेलं. नाव लगेच कळलं. बाजू कळेना. मी घाईत "राइट" म्हटलं. चुकलं. बाईंनी हाड काढून घेतलं नाही. माझा हात धरून माझ्याच खांद्यावर नेला. चपटं टोक बाहेर, खांद्याकडे. जाडजूड टोक आत, छातीच्या हाडाकडे. आतला दोन तृतीयांश भाग पुढं फुगलेला. खाली मधोमध पन्हाळीसारखी खाच, ती अंगठ्याला लागते. बोटं माझ्या हाडावरून फिरली, मग त्या हाडावरून, मग पुन्हा माझ्या. आणि डावं आहे हे समजलं, ते डोक्याआधी बोटांना समजलं.

हे हाड कुणाच्या तरी खांद्यात होतं. त्या माणसानं कधी लेकरू खांद्यावर घेतलं असेल. पेटीत परत ठेवताना मी दोन्ही हातांनी ठेवलं. आणि मनातल्या मनात नमस्कार केला.

बसमध्ये बसल्यावर सुचलं: या हाडाला आपल्याकडे हासळी म्हणतात. आजीची हासळी मोडली होती. मी चौथीत असताना ती गोठ्यात पाय घसरून खांद्यावर पडली, हाडवैद्यानं बांधली, आणि ती जुळली पण गाठ राहिली. त्या गाठीवर डोकं ठेवून मी कितीतरी वेळा झोपले आहे. ते क्लॅविकल होतं हे आज कळलं.

दिवस १२, बुधवार

रात्रीतून ताप भरला आणि पोट धरलं. सकाळी रूममेटनं जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, चेहरा दयाळू. त्यांनी विचारलं, "रा ग्त्किवात?" मला कळलं नाही. पुन्हा विचारलं, सावकाश. मला तरी कळेना. मग इंग्रजीत, तुटक: पेन, व्हेअर?

मी पोटावर हात ठेवला. हे सोपं होतं. पुढचा प्रश्न होता, कसं दुखतं? आणि माझ्याकडे शब्दच नव्हता. मला मुरडा येत होता. आतडं पिळून काढल्यासारखं, मग सुटायचं, मग पुन्हा. मराठीत हे एका शब्दात आईला सांगितलं असतं आणि तिनं ओवा हातावर ठेवला असता. इथं मी नुसती "पेन, पेन" म्हणत राहिले. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीत शिकलेली मी.

पडल्या पडल्या मोजत होते. दुखणं, ठणकणं, ठसठसणं, कळ येणं, मुरडा, चमक, सणक, चुरचुर, जळजळ, वळवळ, भणभण, अंग मोडून येणं, पोटात डोंब उसळणं. कराडच्या सरकारी दवाखान्यात उद्या मी खुर्चीत बसेन तेव्हा समोरची बाई यातलंच काहीतरी सांगेल. ठणकतंय म्हणाली तर आत पू असेल, कळा येतायत म्हणाली तर वेगळं काही. तिचा शब्द हीच पहिली तपासणी आहे. आणि इथं तिसऱ्या वर्षापासून ज्या खाटांपाशी आम्हाला उभं करणार, तिथला माणूस त्याचं दुखणं जॉर्जियनमध्ये सांगणार. भाषा परीक्षेपुरती शिकायची असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी आता वाद घालते. दवाखान्याच्या त्या टेबलावर एकदा पडून बघा.

इंजेक्शन आणि सलाइननं उतार पडला. संध्याकाळी बेबोंनी मला उकडलेला बटाटा आणि मीठ घातलेलं पातळ दही दिलं. मी पर्समधली ओव्याची पुरचुंडी सोडली.

दिवस १३, गुरुवार

दोनशे पानी वही आणली. रेघा मारून तीन रकाने केले: लॅटिन, मराठी, जॉर्जियन. पहिली ओळ: क्लॅविक्युला, हासळी, लावित्सी. मग काप्युट, डोकं, तावी. काळीज म्हणजे गुली, डोळा त्वाली, रक्त सिस्ख्ली, हाड द्झ्वाली. 'तावी म्त्किवा', माझं डोकं दुखतं. 'रा ग्त्किवात', तुम्हाला काय दुखतं. डॉक्टरला 'एकिमी' म्हणतात, आपल्या हकीमाच्याच मुळाचा शब्द.

बेबो खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी पाठीवर बोट ठेवते, त्या शब्द सांगतात, मी देवनागरीत लिहिते, त्या ऐकून सुधारतात. त्यांच्या भाषेत घशातून फुटणारे आवाज आहेत, ते देवनागरीत बसत नाहीत. तिथं मी लाल टिंब देते.

दिवस १४

कागदपत्रांचा दिवस. निवास परवान्याचा अर्ज नदीकाठच्या 'न्यायगृह' नावाच्या सरकारी सेवा केंद्रात भरला, मोठमोठ्या पांढऱ्या पाकळ्यांसारखं छत असलेली इमारत. मंत्रालयातून आणि दिल्लीहून शिक्के मारून आणलेल्या गुणपत्रिका, त्यांचं जॉर्जियन भाषांतर, नोटरी. चाळीस मिनिटांत झालं.

दिवस १५, शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सोनं म्हणून कराडहून वहीत दाबून आणलेली आपट्याची दोन पानं होती. एक रूममेटला दिलं, एक बेबोंना. त्यांनी पानाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अनुवादकात विचारलं: तुझं गाव गोव्याजवळ आहे का?

मला वाटलं समुद्राबद्दल बोलतायत. त्या केतेवन राणीबद्दल बोलत होत्या. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवन. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमानं १६२४ मध्ये शिराझ इथं हाल करून मारली गेली. ऑगस्टीन पंथाच्या पोर्तुगीज पाद्र्यांनी तिचे अवशेष जमवले आणि त्यातले काही जुन्या गोव्यात आणले. संत ऑगस्टीन चर्चच्या पडक्या भिंतींत पुरातत्त्व खात्याला हाडं सापडली. पण ती तिचीच कशावरून? हैदराबादच्या सीसीएमबी प्रयोगशाळेनं त्यातला मायटोकाँड्रियल डीएनए तपासला, जो फक्त आईकडून लेकराकडे जातो. निघाला यू१बी हा आईकडच्या वंशाचा गट, भारतात न सापडणारा आणि जॉर्जियात सापडणारा. २०२१ च्या जुलैत आपल्या परराष्ट्रमंत्र्यांनी तो अवशेष तिबिलिसीत आणून दिला.

मी गोव्याला तीनदा गेले आहे, त्या पडक्या बुरुजाखाली फोटोही काढला आहे. कुणी सांगितलं नव्हतं. बेबोंनी आपट्याचं पान घेतलं आणि देवाच्या तसबिरीच्या चौकटीत खोचलं.

चारशे वर्षं परक्या मातीत राहून एक हाड स्वतःचं नाव सांगू शकलं. सोमवारच्या त्या पेटीतल्या हाडांकडे मी आता निराळ्या नजरेनं बघते.

दिवस १७, सोमवार, १४ ऑक्टोबर

म्त्सखेतोबाची, म्हणजे म्त्सखेता गावाच्या सणाची, सुट्टी. दिदुबेहून मिनीबस पकडून म्त्सखेताला गेलो, अर्धा तास. अकराव्या शतकातल्या स्वेतित्सखोवेली कॅथेड्रलमध्ये सणाची गर्दी होती, मेणबत्त्यांचा धूर, उभ्यानं चाललेली प्रार्थना. आत पंधरा मिनिटं थांबलो. मग टॅक्सीनं समोरच्या डोंगरावर ज्वारीला. हो, नाव ज्वारीच, 'ज्वारी' म्हणजे क्रूस. सहाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेलं छोटंसं दगडी देऊळ, भन्नाट वारा.

कठड्यापाशी गेले आणि खाली बघितलं. दोन नद्या. उजवीकडून अरागवी, डावीकडून म्त्कवारी, एक निळसर, एक मातकट. मिळाल्यावरही दोन्ही रंग बराच वेळ वेगवेगळे वाहत राहतात. मी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर वाढले. आमच्या नद्या समोरासमोर येऊन मिळतात. रोज संध्याकाळी बाबांच्या सायकलवर बसून ते बघायचे. इथं आल्यापासून पहिल्यांदा घरची आठवण आली आणि रडू आलं नाही. मी बाबांना फोन लावून कॅमेरा खाली धरला. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पाणी आहे की चांगलं."

दिवस २०, गुरुवार

सकाळी बेबो जिन्यात थांबल्या होत्या, कठडा धरून. म्हणाल्या, "मुख्ली म्त्किवा." मी अनुवादक काढलाच नाही. मुख्ली, गुडघा. म्त्किवा, मला दुखतो. मी विचारलं, "रोदिस?" कधी? हाही शब्द वहीतलाच. त्यांनी जिन्याच्या पायऱ्यांवर बोट दाखवलं, वर, आणि मान हलवली. मग खाली, आणि डोळे घट्ट मिटले. उतरताना. मी त्यांची पिशवी घेतली आणि आम्ही एकेक पायरी खाली आलो. औषध द्यायला मला सहा वर्षं आहेत. पण एका माणसानं त्याचं दुखणं सांगितलं आणि मला कळलं.

दिवस २१, शुक्रवार, १८ ऑक्टोबर

खांदा आणि हाताच्या हाडांची तोंडी परीक्षा. मनगटाची आठ हाडं ओळीनं सांगितली, स्कॅप्युलाच्या, म्हणजे खांद्याच्या फऱ्याच्या, कडा सांगितल्या. शेवटी बाईंनी तेच क्लॅविकल तळहातावर ठेवलं. की दुसरं असेल, माहीत नाही. डोळे मिटले. चपटं टोक, खाच, फुगवटा. "डावं." मग विचारलं, पडल्यावर हे बहुधा कुठं मोडतं? मधला आणि बाहेरचा तिसरा भाग जिथं मिळतात तिथं, तिथं ते सगळ्यात कमजोर असतं. बाईंनी मान हलवली आणि जॉर्जियनमध्ये म्हणाल्या, "कार्गी." छान.

रात्री आजीला फोन केला. तिकडं साडेनऊ वाजले होते, ती अंथरुणावर बसली होती. म्हटलं, "आजे, हासळीवरची गाठ दाखव." तिनं पदर सरकवला. म्हटलं, आता गळ्याकडनं बोट फिरवत खांद्याकडं ने. ती नेत गेली. निम्म्याच्या पुढं गेल्यावर बोट अडलं. बरोब्बर तिथंच.

"हितंच हाय बघ," आजी म्हणाली. "थंडी पडली की अजून ठणकतं."

मी वही ओढली आणि मराठीच्या रकान्यात लिहिलं: ठणकणं. जॉर्जियनचा रकाना रिकामा आहे. बेबो झोपल्या आहेत, सकाळी विचारीन.